सन गिअर ओढू नका, आधी आत ढकला : मॉडेल टीच्या मागच्या ॲक्सलचं काम

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पणजोबांनी घेतलेली १९२६ ची फोर्ड मॉडेल टी अंबाजोगाईजवळच्या गावात, वाड्याच्या ढाळजेत चाळीस वर्षं उभी होती. आता ती चालू करायची म्हणून तुम्ही मागचा ॲक्सल उतरवला, हौसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, दोन भाग वेगळे केले, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना कमी-जास्त वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) खोललं आणि चाकं फिरवणारे दोन्ही शाफ्ट हातात घेतले. शाफ्टच्या टोकावर बसलेला गिअर मात्र निघेना. तीन पायांचा पुलर लावला तर पुलरचाच एक पाय वाकला. गावातला वेल्डर म्हणतो, "गॅसनं लाल करू, घणाचे चार घाव घालू, उडून येईल." तसं करावं का, हे तुम्ही विचारलंय. पोळ्याच्या आत गाडी अंगणात उभी करायची आहे, असंही लिहिलंय.

दादा, गॅसची टाकी आधी परत पाठवा. शंभर वर्षं टिकलेला शाफ्ट आणि गिअर पाच मिनिटांत भंगारात जाईल, आणि पणजोबांच्या गाडीचा मूळ भाग एकदा गेला की तो परत येत नाही.

खरी अडचण तुम्ही समजताय त्याहून वेगळी आहे. गिअर गंजानं धरलाय हे अर्धंच कारण. त्याला मुद्दाम अडकवून ठेवलेलं आहे, आणि अडकवणारी वस्तू गिअरच्या तोंडातच लपलेली आहे. तुम्ही ज्या दिशेला ओढताय, त्या दिशेला तो कितीही जोर लावला तरी येणार नाही. त्याला आधी उलट दिशेला, म्हणजे चाकाच्या बाजूला, थोडासा ढकलावा लागतो.

बोलायला सोपं जावं म्हणून गॅरेजमधलेच शब्द वापरतो. शाफ्टच्या टोकावरचा मोठा गिअर तो सन गिअर. डिफरन्शियलच्या मधल्या क्रॉसवर फिरणारे तीन छोटे गिअर ते स्टार. मॉडेल टीमध्ये सन गिअर शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो आणि तो शाफ्टवर गरगरू नये म्हणून खाली अर्धचंद्र चावी असते. शाफ्टच्या टोकाजवळ गोल खोबण कापलेली आहे. त्या खोबणीत रिंगेचे दोन अर्धे तुकडे बसतात, आणि गिअरच्या तोंडाला एक खोलगट खाच आहे, ती या दोन तुकड्यांना वरून झाकून घेते. गिअर जागेवर असेपर्यंत तुकडे खोबणीतून बाहेर पडू शकत नाहीत, आणि तुकडे खोबणीत असेपर्यंत गिअर टोकाकडून निघू शकत नाही. दोघं एकमेकांना धरून आहेत. बैलगाडीचं उदाहरण घ्या. आसाची खीळ उपटल्याशिवाय चाक बाहेर येत नाही, हे गावातलं पोरगंही जाणतं. इथं खीळ आहेच, फक्त ती चाकाच्या आत दडवलेली आहे.

पुलर लावून तुम्ही बाहेर ओढता तेव्हा काय होतं ते बघा. गिअरची खाच रिंगेच्या तुकड्यांवर दाबली जाते, तुकडे खोबणीच्या बाहेरच्या काठावर दाबले जातात. खोबण आणि शाफ्टचं टोक यांच्यामध्ये धातूची जी थोडीशी जाडी उरलीय, तिच्यावर सगळा भार येतो. त्या काठाला बूर उठते, कडा बाहेर फुगते. मग पुढं रिंगा काढल्या तरी त्या फुगलेल्या कडेवरून गिअरचं भोक सरकत नाही. म्हणजे चुकीच्या दिशेला जितका जोर लावाल, तितकं योग्य दिशेचं काम अवघड करून ठेवाल. तुमच्या पुलरचा पाय वाकला हे बरंच झालं. तो मजबूत असता तर खोबण फाटली असती.

हे मी माझ्या हातानं केलेलं आहे, म्हणून इतकं सांगतोय. १९८४ साली मी तेव्हाच्या औरंगाबादेत, मोंढा नाक्याजवळच्या एका गॅरेजात हाताखालचा पोरगा म्हणून लागलो. परभणीकडच्या एका घराण्याची अशीच एक टी आमच्याकडं आली. उस्ताद दोन दिवसांसाठी गावी गेले होते. ते येईपर्यंत काम करून दाखवू, या हौसेनं मी गिअरच्या पाठीवर छिन्नी टेकवली आणि हातोडा मारत राहिलो. गिअर हलला नाही. एक दाता मात्र काचेसारखा तुटून माझ्या कानाजवळून गेला. शाफ्टच्या टोकाची कड उमलली. उस्ताद परत आले, शाफ्ट उजेडाकडं धरला, नखानं ग्रीस खरवडलं आणि मला रिंगेची फट दाखवली. केसाएवढी बारीक रेघ होती. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "देख को ठोक, ठोक को नक्को देख." म्हणजे आधी बघ, मग ठोक. दुसरा गिअर मिळायला आम्हाला चार महिने लागले. तेव्हापासून या गाडीचा शाफ्ट हातात आला की मी पहिला तास फक्त साफसफाईला देतो.

तुमच्या हातात काय आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, म्हणून आधी खात्री करून घ्या. गाडी खरंच टी आहे ना? घरात "१९२६ ची फोर्ड" म्हणून सांगितली जाणारी गाडी कधी कधी मॉडेल ए निघते. टीचं उत्पादन १९०८ ते १९२७ चालू होतं. १९२७ च्या डिसेंबरात ए बाजारात आली. ए मध्ये सन गिअर शाफ्टसोबत एकाच तुकड्यात घडवलेला असतो. तिथं काढायला वेगळा गिअरच नाही, आणि तो काढायच्या नादात लोक शाफ्टचं वाटोळं करतात. ओळख सोपी आहे. पायाशी तीन पॅडल असून डावं दाबलं की लो गिअर पडत असेल तर ती टी. गिअर बदलायला आपल्या नेहमीसारखा दांडा असेल तर ती ए. आपल्याकडं विलीजच्या जुन्या जीपा खूप आहेत, त्यांचा अनुभव इथं लावू नका. जीपमध्ये शाफ्ट सन गिअरमध्ये स्प्लाइनवर, म्हणजे लांबट खाचांवर, बसतो, सरळ ओढला की निघतो. तिथला मिस्त्री इथंही ओढायलाच जातो.

दुसरी शंका जुन्या दुरुस्तीची. निजामाच्या काळात आणि त्यानंतरही या गाड्यांचे सुटे भाग इकडं सहज मिळत नसत. झिजलेली चावी, ढिला गिअर यांच्यावर वेल्डिंगचा टाका मारून गाडी चालवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तुमच्या शाफ्टवर गिअरच्या मागं किंवा पुढं धातूचा ओबडधोबड थेंब दिसला तर समजा टाका मारलेला आहे. तो पातळ चाकानं काळजीपूर्वक घासून काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दोन्ही शाफ्ट नीट बघा. एकाला टाका असेल, दुसऱ्याला नसेल.

आता साफसफाई. शाफ्टवर डावा-उजवा अशी रंगानं खूण करा. गिअरचं टोक रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पितळी तारेच्या ब्रशनं घासा. जुनं ग्रीस इतक्या वर्षांत लाखेसारखं कडक होतं, त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ मिसळली की ते धातूसारखंच दिसतं. टोकाकडून बघितलं की आधी एकच सपाट तोंड दिसेल : मध्ये शाफ्ट, बाहेर गिअर. टोकदार सुईनं दोघांमधला भाग खरवडत गोल फिरा. एक अरुंद कडं उघडं पडेल. त्या कड्यावर समोरासमोर दोन बारीक रेघा सापडतील. घड्याळात बारा आणि सहा वाजता असतात तशा. तीच रिंगेच्या दोन तुकड्यांची सांध. एक रेघ दिसली की दुसरी तिच्या बरोबर समोर शोधा. काही वेळा तुकडे खाचेत फिरलेले असतात आणि एकच फट रुंद दिसते, दुसरी मिटलेली असते. त्यानं घाबरू नका.

रेघा दिसल्या की मुरवायला ठेवा. आम्ही ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतो. ते पातळ होऊन सांध्यात शिरतं. बाजारात मिळणारं गंज सोडवायचं तेलही चालतं. शाफ्ट उभा ठेवा, गिअर वर, म्हणजे तेल खाली झिरपेल. एक दिवस तसं ठेवा, मग उलटा करून गिअरच्या पाठीकडून पुन्हा एक दिवस. सकाळ-संध्याकाळ पितळी दांड्यानं गिअरच्या बाजूवर हलके टोले द्या, दात्यांवर अजिबात नाही. टोल्यानं सांध्यातला गंज हलतो आणि तेल आत ओढलं जातं. ॲसिटोन पेट घेतं. हे चालू असताना जवळ बिडी, वेल्डिंग, चूल काही नको.

ढकलायच्या कामाला प्रेस हवी. तुमच्याकडं हायड्रॉलिक प्रेस नसेल तर तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरचं चांगलं गॅरेज बघा, तिथं वीस टनांची असतेच. शाफ्ट लांब आहे, म्हणून टेबल खाली उतरवून तो उभा मावतो का हे आधी मोजून जा. नाही मावला तर जालना किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपात उंच प्रेस मिळते. जाताना तुमचा पाइप स्वतः बनवून न्या. तिथल्या ढिगातला मिळेल तो पाइप लावला की काम बिघडतं. पाइपचं आतलं माप रिंगेच्या बाहेरच्या मापापेक्षा जास्त हवं, म्हणजे तो फक्त गिअरच्या तोंडावर टेकेल. रिंगेवर टेकला तर तुम्ही रिंग, खोबण आणि शाफ्ट यांनाच दाबत बसाल आणि गिअर तसाच राहील. बाहेरून पाइप दात्यांच्या मुळाच्या आत राहिला पाहिजे. लेथवर पाइपची दोन्ही तोंडं काटकोनात कापून घ्या. तिरका पाइप गिअरला तिरका करतो आणि तिरका झालेला गिअर शाफ्टवर चावतो.

शाफ्टचं चाकाकडचं टोक खाली येईल. त्याच्या थ्रेडवर जुना नट अशा बेतानं चढवा की नटाचं तोंड आणि शाफ्टचं टोक एका पातळीत येईल. त्याखाली जाड ॲल्युमिनियमची किंवा पितळेची पट्टी ठेवा. शाफ्ट ओळंब्यात उभा आहे का हे गुण्यानं दोन बाजूंनी तपासा. भार हळूहळू वाढवा. थोडा दाब द्या, थांबा, पितळी दांड्यानं गिअरला टोला द्या, पुन्हा थोडा दाब. सुटताना "टण्" असा मोठा आवाज होतो, पहिल्या वेळी माणूस दचकतो. त्या क्षणी कुणाचाही चेहरा शाफ्टच्या रेषेत नको, डोळ्यांवर चष्मा हवाच. गिअर पाच-सहा मिलिमीटर खाली गेला की पुरे. तेवढ्यानं रिंगा पूर्ण उघड्या पडतात.

प्रेस मिळालीच नाही तर हेच काम घणानं होतं, आणि आमच्या उस्तादांनी ते आयुष्यभर तसंच केलं. शाफ्ट बाभळीच्या जाड ओंडक्यावर उभा करा, तोच पाइप गिअरवर ठेवा आणि पाइपच्या डोक्यावर जाड पट्टी ठेवून सरळ घाव घाला. दिशा बरोबर असली तर थोड्याच घावांत फरक दिसतो. दहा-पंधरा घावांनी रेघभरही हलला नाही तर थांबा आणि पुन्हा मुरवायला ठेवा.

रिंगेचे तुकडे सुईनं उचकटून घ्या. दोन्ही डबीत ठेवा, त्यांची झीज पुढं बघायची आहे. आता लगेच गिअर बाहेर काढायला जाऊ नका. खोबणीच्या दोन्ही काठांवर बोट फिरवा. नख अडकलं तर बूर आहे. तुम्ही पुलर लावला होता, म्हणून तुमच्या शाफ्टवर ती असणारच. बारीक कानस आणि तेलाचा दगड घेऊन ती उतरवा, फक्त उंचवटा जाईपर्यंत. मूळ शाफ्टचा व्यास एक इंच अर्धा सूत, म्हणजे २७ मिलिमीटरच्या आसपास. टोकाकडच्या भागाचं माप मायक्रोमीटरनं घ्या आणि ते खोबणीच्या पलीकडच्या भागापेक्षा जास्त भरत असेल तर अजून घासा. या पंधरा मिनिटांत पुढचा अर्धा दिवस वाचतो.

आता दिशा बदला. गिअरच्या पाठीला दोन्ही बाजूंनी प्रेसच्या पट्ट्यांचा आधार द्या, दात्यांना आधार देऊ नका. शाफ्टच्या टोकावर त्याच्यापेक्षा किंचित बारीक दांडा ठेवा आणि शाफ्ट खाली दाबा. गिअर वर राहील, शाफ्ट खाली सरकत निघून जाईल. खाली गोणपाट टाकून ठेवा आणि एकाला शाफ्ट धरायला सांगा. अर्धचंद्र चावी शाफ्टमध्येच राहते. ती नंतर एका टोकावर टोला देऊन फिरवली की वर येते.

तरीही हलला नाही तरच उष्णता, आणि तीही मापात. आपल्या लोहारांना हे तत्त्व चांगलं माहीत आहे. लाकडी चाकावर धाव चढवताना ते धाव तापवतात, ती फुगते, चाकावर बसते, पाणी टाकलं की आवळते. इथं तेच उलट्या कामासाठी. पोलादाला तापमानाच्या दर अंशाला प्रत्येक मिलिमीटरमागं सुमारे ०.००००१२ मिलिमीटर वाढ येते. गिअरचं भोक २७ मिलिमीटरचं धरा आणि १५० अंशांनी तापवा. भोक ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला हे काहीच नाही, पण घट्ट बसवणीतली पकड सोडवायला तेवढं पुष्कळ आहे. अट एकच, शाफ्ट थंड राहिला पाहिजे. म्हणून गिअर झपाट्यानं तापवा, त्याच्या खाली शाफ्टला ओलं फडकं गुंडाळा आणि लगेच दाबा. सावकाश तापवत बसलात तर दोघंही सारखे फुगतात.

तुमचा वेल्डर लाल करायला निघालाय, तिथं घोटाळा होतो. गिअरचे दाते कडक केलेले असतात. साधारण २२० अंशांच्या पुढं चकाकत्या पोलादावर गव्हाळ पिवळा रंग चढू लागतो, ३०० च्या आसपास तो निळा होतो. निळा झाला की दात्यांचा कडकपणा उतरायला लागलेला असतो, आणि लालपर्यंत नेलं तर तो पार गेलेला असतो. तसा गिअर पुन्हा बसवला की तो गाडीचा भार घेऊन लवकर झिजेल. मी हॉट एअर गन वापरतो, किंवा वाळूजमध्ये बेअरिंग बसवायला असतो तो इंडक्शन हीटर. तापमान मोजायला साधन नसेल तर रेडिओ दुरुस्तीचं साधं ६०-४० सोल्डर घ्या. ते १८३ ते १९० अंशांत वितळतं. गिअरवर टेकवल्यावर वितळू लागलं की उष्णता बंद. आणि ॲसिटोनमध्ये मुरवलेला गिअर तापवण्याआधी धुऊन एक दिवस उन्हात वाळवा, हे विसरू नका.

इथवरचा क्रम पुन्हा सांगतो, कारण चूक क्रमात होते. स्वच्छ करून रिंगेच्या रेघा शोधायच्या, मुरवायचं, गिअर चाकाच्या बाजूला ढकलायचा, रिंगा काढायच्या, बूर उतरवायची, मग गिअर टोकाकडून काढायचा. तापवणं लागलंच तर गिअर ढकलताना किंवा काढताना, जिथं अडेल तिथं.

क्वचित हेही सगळं हरतं. मग कापावं लागतं, आणि कापण्याआधी ठरवा की वाचवायचं काय आहे. टीचे सन गिअर आणि शाफ्ट दोन्ही आजही अमेरिकेत नवे बनतात, मागवता येतात. माझं मत असं की दाते झिजलेले असतील तर गिअरचा बळी द्या, शाफ्ट वाचवा. गिअरच्या पाठीवरून चावीची जागा शोधा. बरोबर तिच्या वर पातळ चाकानं सरळ काप घ्या, भोकापर्यंत न पोहोचता कागदाएवढी जाडी ठेवा. मग त्या कापात छिन्नी ठेवून एक टोला. गिअर तिथून उमलतो आणि पकड सोडतो. काप थोडा खोल गेलाच तरी खाली चावी असते, शाफ्टला इजा होत नाही. हा गिअर कडक असतो, तुकडा उडतो, म्हणून चेहऱ्यावर पूर्ण ढाल लावा.

शाफ्ट हातात आला की तो लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावा आणि वाकलाय का बघा. वर्षानुवर्षं एका बाजूला कललेल्या गाडीचे शाफ्ट मी वाकलेले पाहिलेत. भेगा बघायला महागडं काही लागत नाही. शाफ्ट रॉकेलमध्ये तासभर ठेवा, पुसून कोरडा करा आणि चावीची खाच, खोबण, चाकाचा निमुळता भाग यांवर खडूची पूड लावा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ दिसली तर तो शाफ्ट भिंतीवर टांगा, गाडीत घालू नका.

बसवताना सगळं उलट. नवी चावी घाला, गिअर शाफ्टवर खोबणीच्या पलीकडं सरकेपर्यंत दाबा, रिंगेचे दोन्ही तुकडे खोबणीत बसवा, ग्रीसनं चिकटवून ठेवा, आणि मग गिअर परत टोकाकडं दाबून रिंगा खाचेत पूर्ण झाकून घ्या. दोन्ही सांध गिअरच्या आत सारख्या बुडाल्या पाहिजेत. एक बाजू वर दिसली तर तुकडा तिरका बसलाय, पुन्हा काढा. शाफ्ट रात्रभर फ्रीजरमध्ये आणि गिअर १५० अंशांपर्यंत तापवलेला, असं केलं तर दाब निम्म्यानं कमी लागतो.

गिअरच्या नादात एक गोष्ट तुमच्याकडून राहून जाईल, आणि मला खरी काळजी तिचीच आहे. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या, असतात. मूळ वॉशर बॅबिटची, म्हणजे पांढऱ्या मऊ धातूची, दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये बसवलेली. शंभर वर्षांत बॅबिट भुगा होते. हौसिंगच्या तळाच्या ग्रीसमध्ये राखाडी, वाळूसारखा चुरा सापडला असेल तर तो तिचाच. आता या गाडीचा ब्रेक आठवा. उजव्या पॅडलचा ब्रेक चाकांवर नाही, तो इंजिनामागच्या गिअरच्या डब्यात ड्रमवर लागतो आणि तिथून लांब शाफ्ट, त्याच्या टोकाचा छोटा गिअर (पिनियन), डिफरन्शियलवरचा मोठा गिअर (क्राऊन) असं करत मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो. वॉशर विरघळली की डिफरन्शियल बाजूला सरकतं, क्राऊन पिनियनपासून दूर जातो, दाते एकमेकांना सोडतात. पॅडल दाबलं तरी गाडी पुढं जातच राहते. उरतो फक्त हातातला दांडा, जो चाकांच्या ड्रमवर लागतो. अंबाजोगाईचा घाट तुमच्या दारात आहे. त्या उतारावर हे घडायला नको. दोन्ही बाजूंना ब्राँझच्या वॉशर घाला, एकाच बाजूला नाही. त्यांची जाडी क्राऊन-पिनियनचा खेळ मोजून लेथवर जुळवून घ्या. बाकी सगळ्या कामात काटकसर करा, यात करू नका.

हायाट रोलर बेअरिंगच्या जागी शाफ्टला चर पडले असतील, तर नव्या बेअरिंगचा उपयोग नाही, शाफ्टच बदला. दोन शाफ्टांच्या टोकांमधली फायबरची चकती नवी घाला. तेल १४० नंबरचं, पण जीएल-५ प्रकारचं नको. त्यातली रसायनं ब्राँझला त्रास देतात. साधं खनिज तेल पुरेसं आहे.

पोळ्याची घाई करू नका. सुटे भाग यायलाच पोळा उलटून जाईल. बैल सजतील त्या दिवशी गाडी ढाळजेतच राहू द्या, तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ घाला आणि दसऱ्याचं धरा.

सगळं जुळलं की ॲक्सल गाडीखाली नेण्याआधी एक तपासणी बाकावरच करा. हौसिंग दोन घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवा, टॉर्क ट्यूबमधला (इंजिनाकडून येणाऱ्या नळीतला) लांब शाफ्ट एकाला घट्ट धरायला सांगा आणि डावं चाक हातानं हळू फिरवा. उजवं चाक उलट्या दिशेला, तेवढंच फिरलं पाहिजे. मग धरलेला शाफ्ट सोडा आणि दोन्ही चाकं मिळून एकाच दिशेला फिरवा. आतून तेलातल्या दात्यांचा एकसारखा, मऊ आवाज यायला हवा. फेऱ्यात एकाच जागी "टक्" असं हाताला लागलं, तर नट आवळू नका. हौसिंग परत उघडा आणि आधी रिंगांची सांध बघा.